तुरटी, डेटॉल आणि खोबरेल

अंगणवाडीच्या दारात आशाताई उभ्या आहेत. आत डोकावणाऱ्या प्रत्येक गड्याला त्या एकच सांगतात, "आज लसीकरण न्हाई. बायांचं हाय. पारावर बसा जाऊन." एक म्हातारा तरीही विचारतोच, "शुगर तपासत्यात का?" "तपासत्यात. पर बायांची." म्हातारा काठी टेकत निघून जातो. दार लोटलं जातं. कडी मात्र कोणी घालत नाही; कडी घातली की गावात चर्चा होते.

पाथर्डी तालुक्यातलं हे गाव गर्भगिरीच्या डोंगराला टेकून आहे. मढीची यात्रा उरकली आहे, चैत्राचं ऊन दहालाच पत्र्यावर चढलंय. दसऱ्यानंतर कुलूप लागलेली घरं नुकती उघडली आहेत. कोणी प्रवरेच्या पट्ट्यातून, कोणी कोल्हापूरकडून, कोणी थेट कर्नाटकातून ऊसतोड संपवून परतलंय. सतरंजीवर बसलेल्या बायांच्या हातांवर पाचटाचे ओरखडे अजून ताजे आहेत. भिंतीवर रंगवलेली बाराखडी, तिच्याखाली दाटीवाटीनं बसलेल्या बाया, त्यांत दोन लेकुरवाळ्या आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, नऊवारीतल्या एक आजी.

नगरहून आलेल्या डॉक्टरीणबाई एकदम विषयाला हात घालत नाहीत. आधी वजन, मग बीपी, मग बोटाला सुई. मी शेजारी वही घेऊन बसले आहे. आकडे लिहायचं काम माझ्याकडे आहे. थोड्याच वेळात कळतं, की बीपीचा पट्टा हीच खरी युक्ती आहे. पट्टा आवळून सुटेपर्यंत डॉक्टरीणबाईंचं डोकं खाली असतं. बाईचा दंड त्यांच्या हातात, कान तिच्या तोंडाशी. नजरेला नजर भिडत नाही. तेवढ्यात बाई बोलून घेते.

"उन्हाळी लागलीया बाई. दिवाळीपासनं."

"लघवीला आग व्हती. धने-जिऱ्याचं पानी पिऊन दमले."

"खाली चुणचुणतं. फडात घाम आला की नको जीव व्हतो."

"मालक जवळ आले की..." हे वाक्य पुरं होत नाही. पट्टा सुटतो, बाई पदर सावरून उठते.

"वहीत फक्त बीपी आणि शुगर लिहा," डॉक्टरीणबाई मला हळूच सांगतात. "बाकीचं माझ्या डोक्यात आहे."

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास निघाला. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तेव्हापासून दवाखाने वाढले, रस्ते झाले, गावोगाव आशा सेविका आल्या. पण या खोलीत बोलणं अजून पट्टा आवळला असतानाच होतंय.

चाळिशीची एक बाई पुढं येते. बांगड्या कोपरापर्यंत सारून दंड पुढं करते. "माझी पिशवी काढलीय," ती पहिलंच वाक्य मोठ्यानं बोलते. गर्भाशय काढलं, हे इथे कोणी लपवत नाही. दाढ काढल्याइतक्या सहज सांगतात. कुजबूज सुरू होते ती त्यापुढच्या वाक्यापासून.

"अंडाशयं ठेवलीत की तीही काढलीत?" डॉक्टरीणबाई विचारतात.

बाईला ठाऊक नाही. तिला कोणी सांगितलेलं नाही. पण कागद आहे. कमरेच्या पिशवीतून ती प्लॅस्टिकची घडी काढते. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि त्यांच्यामध्ये घडीवर विटून गेलेलं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. डॉक्टरीणबाई ते खिडकीपाशी नेऊन वाचतात. दोन्ही बाजूची अंडाशयं काढलेली आहेत. बाईचं वय तेव्हा चौतीस.

डोंगराच्या पलीकडे बीड जिल्हा लागतो. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. चर्चा खाडे पडण्याची झाली, मुकादमाची उचल आणि दंड यांची झाली, खासगी दवाखान्यांची झाली. ऑपरेशननंतर त्या बाईच्या अंगात काय होतं, हा प्रश्न मात्र मागंच राहिला.

तो आज इथे निघतो. डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसतात. "पिशवी काढली म्हणून कोरडं पडत नाही," त्या सांगतात. "पिशवीच्या दोन्ही अंगाला अंडाशयं असतात. त्यांतून इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य रक्तात येतं. योनीच्या आतलं अस्तर जाड, मऊ आणि ओलं राहतं ते त्याच्यावर. अंडाशयं काढली की ते एका दिवसात बंद. पाळी आपसूक गेली, तर हळूहळू कमी होतं. मग अस्तर पातळ पडतं, कोरडं होतं, जरा घासलं तरी सोलवटतं. लघवीची जागाही तिथंच, ती पण हुळहुळी होते. म्हणून तुमची ही उन्हाळी थंडीतसुद्धा जात नाही."

"म्हंजी विहीरच आटली," भिंतीपासून आजी बोलतात. "मंग पाटाला शिव्या देऊन काय उपेग?"

खोली हसते. डॉक्टरीणबाईही हसतात. "विहीर आटली तरी पाट ओला ठेवता येतो, आजी. तेच सांगायला आलेय."

"आणि मुलं होऊ नयेत म्हणून केलेलं ऑपरेशन?" आशाताई मुद्दाम विचारतात. हा प्रश्न घराघरात आहे.

"त्यात फक्त नळ्या बांधतात. अंडाशयं जागच्या जागी असतात. त्या ऑपरेशननं कोरडेपणा येत नाही."

दोघीतिघी एकमेकींकडे बघतात. सासवांनी वर्षानुवर्षं ठेवलेला ठपका एका वाक्यात निकालात निघालेला असतो.

आता डॉक्टरीणबाई उलटतपासणी घेतात. "आग व्हायला लागली की तुम्ही काय करता? खरं सांगा. मी रागावणार नाही."

आधी कोणी बोलत नाही. मग एकीचं ऐकून दुसरी. तुरटीच्या पाण्यानं धुते. बादलीत डेटॉल टाकते. अंगाचा साबण आतपर्यंत लावते. कडुलिंबाचा पाला उकळून घेते. एक तरुण बाई मेडिकलमधून आणलेली ट्यूब पदराच्या गाठीतून काढते. खाजेवरचं, बुरशीचं मलम. तीन महिने लावतेय. उतार नाही.

त्या सगळ्यावर डॉक्टरीणबाई एकेक करून बोट ठेवतात. तुरटी कातडी आवळते आणि ओल शोषून घेते. जे आधीच कोरडं आहे, ते तिच्यानं आणखी कोरडं होतं. डेटॉल जखम धुवायला, तेही पाण्यात मिसळून. आतल्या नाजूक अस्तराला ते भाजतं. साबणाचंही तेच. योनीत चांगल्या जंतूंची वस्ती असते. ते आतली जागा आंबट ठेवतात, त्यामुळे वाईट जंतू टिकत नाहीत. इस्ट्रोजेन घटलं की ही वस्ती आधीच उठायला लागते. वरून डेटॉल ओतलं की राहिलेलीही जाते, आणि मग खरोखरीचा संसर्ग होतो.

"दह्यात असत्यात तसलेच का हे जंतू?" एक लेकुरवाळी विचारते.

"जवळच्याच जातीचे."

"मंग दही लावलं तर?"

"दही खायचं. लावायचं नाही. त्यातले जंतू तिथं रुजत नाहीत, आणि घरच्या दह्यात दुसरंही बरंच काही असतं." खोलीत पुन्हा हशा.

मलमवालीला त्या आणखी दोन प्रश्न विचारतात. घट्ट, गुठळ्यांचं पांढरं जातं का? नाही. वास येतो का? नाही. "मग ही बुरशी नाही. शुगर वाढलेल्या बाईला बुरशी होते, तिला हे मलम बरोबर. तुला याचा उपयोग नाही." शुगर वाढलेली एक बाई निघते, तिला त्या जेवणानंतर थांबायला सांगतात, तिची तपासणी वेगळी करायची आहे.

आज लिहून घेण्यासारखा पहिला उपाय असा बिनपैशाचा निघतो: जे चाललंय ते थांबवा. बाहेरून साधं पाणी पुरे. आत बोट घालून धुवायचं नाही. सुती कपडा, तोही साबण नीट निघेपर्यंत खळबळलेला.

टेबलावर वर्तमानपत्राखाली झाकून ठेवलेल्या वस्तू आता पुढं येतात. पहिली वस्तू बघून बाया निराश होतात. खोबऱ्याचं तेल.

"हे तर घरातच हाय."

"म्हणूनच आणलं. पण वास घातलेलं नको, कापूर किंवा पेपरमिंट घातलेलं 'थंड' तेल तर मुळीच नको. निव्वळ खोबरेल. लहान बाटलीत वेगळं काढून ठेवा; स्वयंपाकाच्या नाही, केसांच्याही नाही. हात धुवायचे, बोटावर चार थेंब घ्यायचे, आंघोळीनंतर योनीच्या दाराशी लावायचे. संबंधाच्या वेळीही चालतं. फक्त निरोध वापरत असाल, तर तेल नको. तेलानं तो फाटतो."

प्रश्न सुटतात. तूप? जुन्या बायका बाळंतिणीला लावायच्या. डॉक्टरीणबाई तुपाला वाईट म्हणत नाहीत, पण ते खवट होतं, वाटीत बोटं बुडतात, म्हणून नको. कोरफड? पान कापल्यावर पिवळा चीक निघतो, तो झोंबतो. दारच्या कोरफडीचा प्रयोग या जागी करू नका. शतावरी? कल्प दुधातून घेणाऱ्या पुष्कळ आहेत. पण कोरडेपणा तिनं जातो असा भक्कम पुरावा अजून नाही, आणि स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईनं विचारल्याशिवाय घेऊ नये. जवसाची चटणी आणि सोयाबीन खुशाल खा, तब्येतीला बरं. पण तेवढ्यावर विसंबून बसू नका. धने-जिऱ्याचं पाणी प्या, लघवी साफ होईल. अस्तर मात्र पाण्यानं जाड होत नाही.

मांडीवर सहा महिन्यांचं पोर असलेली मुलगी आतापर्यंत गप्प आहे. तिचं वय तेवीस. तिलाही तसंच होतंय, आणि म्हातारपण आलं की काय, या भीतीनं तिनं कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाई तिच्या पाठीवर हात ठेवतात. अंगावर पाजताना दूध तयार करणारं द्रव्य वाढतं आणि इस्ट्रोजेन तात्पुरतं खाली जातं. पाजणं कमी झालं, पाळी परतली, की आपसूक ठीक होतं. तोवर तेल किंवा जेली. "सर्दीच्या, खाजेच्या काही गोळ्यांनीही कोरडं पडतं," त्या सगळ्यांना सांगतात. "मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी, कॅन्सरच्या उपचारांनीही. गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं."

मग मेडिकलची बाजू. तीन वस्तू, तीन कामं. पहिली जेली: पाण्यासारखी बुळबुळीत, संबंधाच्या वेळेपुरती, चिठ्ठीशिवाय मिळते, निरोधासोबतही चालते. सुगंधाची किंवा गरम-थंड वाटणारी नको, झोंबते. दुसरं ओलावा धरून ठेवणारं जेल: ते वेळेपुरतं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा नेमानं लावायचं. तिसरी क्रीम, चिठ्ठीवरच मिळणारी. त्या ती ट्यूब तळहातावर ठेवतात. बोटाएवढी. सोबत पांढरी प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर खुणेची रेघ. ट्यूबच्या तोंडाला नळी फिरवून बसवतात, रेघेपर्यंत क्रीम भरतात, दट्ट्या दाबून हातमोज्यावर सोडतात. वाटाण्याएवढा पांढरा ठिपका.

"एवढंच?" पिशवी काढलेली बाई विचारते.

"एवढंच. हे इस्ट्रिऑल. जे अंडाशयं द्यायची, त्याच घराण्यातलं, फार सौम्य. जिथं लावाल तिथंच काम करतं, रक्तात अगदी कमी जातं. पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, निजताना. मग आठवड्यातून दोनदा. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून फेकून देऊ नका. पुरता गुण यायला दोन-तीन महिने लागतात. आणि संबंधाच्या आधी लावायचं मलम हे नव्हे. ते काम तेलाचं, जेलीचं."

नळी हातोहात फिरते. एकजण ती उलटी धरते, दुसरी सुलटी करून देते. "आत कुठवर?" "आडवं पडून, गुडघे दुमडून, जाईल तेवढी. जोर नाही करायचा."

आजींच्या हातात ती येते, तेव्हा दोघीतिघी पदराआड हसतात. आजी विधवा आहेत, पंधरा वर्षं झाली. "मला मालक न्हाई, मला कशाला ही?" त्या म्हणतात, पण नळी पुढं देत नाहीत.

"लघवीचा त्रास किती वेळा होतो, आजी?"

"वर्सातनं चार-पाच बारी. गोळ्या घेती, ऱ्हातं. फिरून व्हतं."

"कपडा लागला तरी आग होते?"

"बसाया येत न्हाई कवा कवा."

"मग ही तुमच्यासाठीच आहे. मालकाचा हिच्याशी संबंध नाही. तुमचं अंग आहे, ते दुखतंय, त्याचं हे औषध. अस्तर सुधारलं की लघवीचा संसर्गही वारंवार होत नाही."

खोलीतलं हसू थांबतं. डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहितात. आज लिहिलेली ही पहिलीच. दुसरी पिशवी काढलेल्या बाईची. तिला त्या नगरला बोलावतात. इतक्या लवकर अंडाशयं गेली, म्हणजे हाडांचं आणि काळजाचंही बघावं लागणार. एका ट्यूबवर भागणार नाही.

तिसरी बाई चिठ्ठी मागते, तेव्हा मात्र त्या पेन खाली ठेवतात. पन्नाशीची आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. संबंधानंतर लुगड्याला डाग दिसतो. "कोरडं असंल म्हनून सोलपटत आसंल," ती स्वतःच निदान करते.

"असेल. नसेलही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी आधी तपासणी. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असाच सुरू होतो. तपासल्याशिवाय तुला क्रीम देणार नाही." आशाताई लगेच तारीख ठरवतात: सोमवारी पहिल्या एसटीनं जिल्हा रुग्णालय, त्या स्वतः सोबत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईनंही ही क्रीम कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे आज इथे तशी कोणी नसतानाही सांगून ठेवलं जातं. सांगितलेलं वाड्या-वस्त्यांवर जाणार आहे.

"मालकाला काय सांगावं?" शेवटचा प्रश्न कोपऱ्यातून येतो.

"दुखतं, एवढं सांगायचं. मन नाही म्हणून नाही; दुखतं म्हणून. दुखत असताना रेटून नेलं, की पुढच्या वेळी अंग आधीच आवळतं आणि जास्त दुखतं. त्यांना घेऊन या, मी बोलेन."

"येत्यात की," कोणीतरी म्हणतं. "शुगर तपासायची म्हनलं की येत्यात."

निघण्याआधी डॉक्टरीणबाई आशाताईंकडून सगळं उलट वदवून घेतात: कोणाला तेल, कोणाला जेल, कोणाला क्रीम, कोणाला थेट नगर. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, आणि शाळेचं तोंड न पाहिलेली बाईसुद्धा शिकवलं तर गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे करून दाखवलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशात आशा आल्या त्या पुढे, २००५ नंतर. आशाताई बारावी झालेल्या आहेत. एकदाच चुकतात, जेल आणि जेलीत. दुसऱ्यांदा नाही.

तिसऱ्या प्रहरी मी त्यांच्यासोबत पाथर्डीला येते. बसस्थानकाजवळच्या मेडिकलसमोर गर्दी आहे. सगळे पुरुष. काउंटरवर डोकेदुखीच्या गोळ्या, लहान मुलांची पावडर. जेलीचे खोके वरच्या फळीवर, मिठीतल्या जोडप्याच्या चित्राचे. गावातली कुठलीच बाई बोट दाखवून ते मागणार नाही.

आशाताई दोन्ही चिठ्ठ्या पुढं सरकवतात. पोरगा वाचतो, संगणकात बघतो. "ही क्रीम ठेवत नाही आम्ही. खपत नाही. हिच्याऐवजी ही देऊ का? खाजेचीच आहे." तो सकाळी बघितलेलंच बुरशीचं मलम काढतो.

"न्हाई. जी लिहिलीय तीच."

"मग नगरहून मागवावी लागंल. उद्या."

"मागव. दोन नको, सहा मागव."

"सहा? कुणाकुणाला?"

"तुला काय करायचंय? चिठ्ठ्या येतील. ज्याची चिठ्ठी त्यालाच दे, पर दुकानात ठेव."

पोरगा मागणी नोंदवतो आणि सवयीनं चिठ्ठीच्या कोपऱ्यावर पेन टेकवतो. "रोज रात्री, कायम ना?"

"कायम रोज न्हाई," आशाताई आवाज चढवून सांगतात. मागं उभे असलेले तीन-चार गडी मान वळवून बघतात. त्या थांबत नाहीत. "पहिले दोन-तीन आठवडे रोज. मंग आठवड्यातनं दोनदा. मराठीत लिही, मोठ्या अक्षरात. आजींना दिसत न्हाई बारीक."